पहाऱ्यावरची झोप : आघातग्रस्त माजी सैनिकांच्या निद्राविकारांवरील वर्तनोपचारांची चिकित्सा

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानसिक यातनांना १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या विकारवर्गीकरणात 'आघातोत्तर ताणविकार' या नावाने स्थान मिळाले. निद्रानाश व भयस्वप्ने यांची नोंद त्यात लक्षणे म्हणून झाली. लक्षण म्हटले की मूळ विकार शमताच ते ओसरेल, असे गृहीत धरले जाते. २००४ साली झेफर्ट व डिव्हिवा यांच्या अभ्यासाने या गृहीतकाला धक्का दिला. मानसोपचारानंतर ताणविकाराच्या निकषांतून मुक्त झालेल्या २७ रुग्णांपैकी ४८ टक्क्यांचा निद्रानाश कायम होता. संख्या लहान आहे. तथापि झोपेवर स्वतंत्र उपचार हवेत, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

हे उपचार मुळात सैनिकांसाठी रचलेले नव्हते. बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेल्या 'उद्दीपक नियंत्रणा'नुसार अंथरूण झोपेसाठीच वापरावे, झोप न लागल्यास उठावे व पेंग आल्यावरच परतावे. स्पीलमन यांच्या १९८७ मधील 'निद्रा-मर्यादा' पद्धतीत अंथरुणावरील वेळच कमी केला जातो, जेणेकरून झोपेची ओढ वाढावी. सर्वसामान्य निद्रानाशात या पद्धती परिणामकारक ठरल्या आहेत, याविषयी दुमत नाही.

मात्र सर्वसामान्य रुग्णाला झोप हवी असते आणि ती येत नाही. रणभूमीवरून आलेल्या माणसाच्या बाबतीत हे अर्धेच खरे असते. रात्रीची जाग ही त्याने प्रशिक्षणातून कमावलेली, एकेकाळी सोबत्यांचे प्राण राखणारी वृत्ती होय. (गीतेत अर्जुनाला 'गुडाकेश', म्हणजे निद्रेला जिंकणारा, असे संबोधले आहे; तेथे ते बिरुद आहे, रोगलक्षण नव्हे.) 'झोप न लागल्यास उठा' ही सूचना मिळाल्यावर असा माणूस दुसऱ्या खोलीत शांत बसेल, की दारांच्या कड्या तपासत घरभर गस्त घालील? दुसरी शक्यता खरी ठरली, तर उपचाराची सूचनाच पहाऱ्याला आज्ञा पुरविते. अनुभवी उपचारक हे ओळखून सूचनांत बदल करतात. परंतु उपचार फसला की 'रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत' असा निष्कर्ष काढण्याची सोय उरतेच.

भयस्वप्नांवरील 'प्रतिमा-पुनरभ्यास' पद्धतीचा इतिहास या दृष्टीने अधिक बोलका आहे. रुग्णाने जागेपणी आपले भयस्वप्न निवडावे, त्यात हवा तसा बदल करावा व नवे स्वप्न मनात रोज घोळवावे, अशी ही रीत. क्राकाव व सहकाऱ्यांनी २००१ साली लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवरील अभ्यासात तिचे लक्षणीय यश नोंदविले. कुक व सहकाऱ्यांनी २०१० साली १२४ व्हिएतनाम माजी सैनिकांवर तिची चाचणी घेतली, तेव्हा भयस्वप्नांची वारंवारता लक्षणीयरीत्या घटली नाही. दोन्ही अभ्यासांची तुलना सावधपणे केली पाहिजे. पहिल्यात उपचाराची तुलना प्रतीक्षायादीतील स्त्रियांशी होती, दुसऱ्यात निद्राविषयक मार्गदर्शन मिळालेल्या गटाशी. दुसरी कसोटी अधिक कठोर होती, शिवाय त्या सैनिकांचा विकार दीर्घकालीन होता. तरीही प्रस्तुत लेखिकेस एक शंका नोंदवावीशी वाटते. ज्या स्वप्नात मृत सोबती दरवेळी मरतो, त्याचा शेवट बदलणे म्हणजे काहींच्या लेखी त्या सोबत्याशी प्रतारणा नसेल काय? अत्याचारपीडितेचे स्वप्न बदलण्यात तिची सुटका आहे; सैनिकाच्या स्वप्नात मात्र भयाबरोबर शोक व अपराधभावही असू शकतो.

औषधांनीही प्रश्न सुटलेला नाही; २०१८ साली ३०४ माजी सैनिकांवरील चाचणीत प्राझोसिन हे औषध निष्प्रभ गोळीहून सरस ठरले नाही. म्हणूनच वर्तनोपचारांचे मोल कमी लेखता येत नाही. टॅलबॉट व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात आठ सत्रांनंतर ४१ टक्के रुग्ण निद्रानाशातून पूर्ण मुक्त झाले, प्रतीक्षायादीतील एकही नाही. आघाताची कथा न उकरता झोपेविषयी बोलता येते, हाही मोठाच लाभ. परंतु त्या अभ्यासातील ४५ जणांपैकी ३१ स्त्रिया होत्या. लढलेल्या पुरुषांविषयीचे अनुमान त्यावरून बेतानेच काढावे लागते.

निद्रा-नोंदवहीत रुग्ण किती वाजता निजला, किती वेळा जागा झाला, किती वेळ जागा राहिला, हे रोज लिहितो. जागा राहून त्याने काय केले, आणि कोणासाठी, याचा स्वतंत्र रकाना तीत असावयास हवा.