शब्दांनी कुणी काही शिकतं का?

ऑगस्टीनचं ‘दे मॅजिस्ट्रो’ (म्हणजे ‘शिक्षकाविषयी’) हे छोटंसं पुस्तक, साधारण इ.स. ३८९ मधलं. आहे बापलेकाचा संवाद. मुलगा अदेओदातुस जेमतेम सोळा वर्षांचा. पण त्यातला मुद्दा ऐकून दचकायला होतं: शब्दांनी कुणी कुणाला काही शिकवू शकत नाही.

उदाहरण साधं आहे. बायबलमधल्या दानीएलच्या गोष्टीत ‘साराबारे’ असा शब्द येतो. ऑगस्टीनच्या समजुतीप्रमाणे, डोक्यावर घालायचं वस्त्र. पण ज्यानं डोकं आणि वस्त्र कधी पाहिलंच नाही, त्याला हे सांगून काय कळणार? आधी वस्तू कळते, मग शब्द. बरं, भूमितीतलं सत्य तर डोळ्यांना दिसतही नाही. ते कोण दाखवतं? ऑगस्टीनचं उत्तर: आपल्या आत असलेला ख्रिस्त, तोच खरा शिक्षक.

याचं मूळ प्लेटोत. ‘मेनो’मध्ये सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला नुसते प्रश्न विचारत दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस शोधायला लावतो आणि म्हणतो, आत्म्याला हे जन्माआधीच माहीत होतं, आता आठवलं. ऑगस्टीननं पुढे ‘दे त्रिनिताते’मध्ये हे खोडलं: मागच्या जन्मी सगळेच थोडे भूमितितज्ज्ञ होते? आठवणीच्या जागी त्यानं आतला प्रकाश आणला.

पण मग हा बाप मुलाशी इतका वेळ बोलतो तरी कशाला? इथे पुस्तक अपुरं पडतं. ती उणीव थॉमस अक्वायनसनं भरून काढली, १२५६ ते १२५९ दरम्यान पॅरिसमध्ये मांडलेल्या ‘दे वेरिताते’च्या अकराव्या प्रश्नात. त्याच्या हाताशी अ‍ॅरिस्टॉटल होता: ज्ञानाची सुरुवात इंद्रियांपासून. अक्वायनस म्हणतो, शरीर स्वतःच्या बळावर बरं होतं आणि वैद्य त्याला मदत करतो, शिक्षकाचंही तसंच. समजून घेणं विद्यार्थ्याचंच, पण शिक्षकाचे शब्द फुकट जात नाहीत.

मला अक्वायनस जास्त पटतो. तरी ऑगस्टीनचा एक सवाल डोक्यातून जात नाही: शिक्षकाला काय वाटतं एवढंच शिकायला कोण आपल्या मुलाला शाळेत पाठवेल? ऐकलेलं आत पडताळून पाहिलं नाही, तर तो नुसता विश्वास, ज्ञान नव्हे. आमच्या पॉडकास्टलाही हेच लागू.

अदेओदातुस थोड्याच काळात वारला. ‘कन्फेशन्स’मध्ये ऑगस्टीन आवर्जून सांगतो, की पुस्तकात मुलाच्या तोंडी असलेले विचार खरोखर त्याचेच होते. शिक्षक म्हणून याहून मोठी पावती त्याला देता आली नसती.