‘ब्रॉडचर्च’ : पहिलें पर्व

रहस्यकथेचा वाचकाशीं एक अलिखित करार असतो. प्रेत आरंभीं सांपडावें, खुनी अखेरीस सांपडावा, आणि मधल्या पानांत लेखकानें वाचकाला मनसोक्त फसवावें. खुनी सांपडल्यानंतर त्या घरीं रात्रीं कोणी जेवलें कीं नाहीं, ही चौकशी कोणी करीत नाहीं. ‘ब्रॉडचर्च’ या इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिकेचें पहिलें पर्व हा करार वरकरणी पाळतें. पण त्याचें मन गुंतलें आहे तें या न होणाऱ्या चौकशींत.

ख्रिस चिबनल यांनीं लिहिलेलें हें आठ भागांचें पर्व २०१३ च्या मार्च-एप्रिलमध्यें आयटीव्ही वाहिनीवर दाखविलें गेलें. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका कल्पित गांवीं, उभ्या कड्याखालच्या वाळूंत डॅनी लॅटिमर या अकरा वर्षांच्या मुलाचें प्रेत सांपडतें. (चित्रण डॉर्सेटमधील वेस्ट बे येथील आहे, आणि ते पिवळसर कडे एकदां पाहिले कीं डोळ्यांपुढून हालत नाहींत.) तपासाला दोन माणसें. परगांवाहून आलेला, प्रकृतीनें खंगलेला, तिरसट अलेक हार्डी, म्हणजे डेव्हिड टेनंट. आणि गांवचीच एली मिलर, म्हणजे ऑलिव्हिया कोलमन. जी जागा एलीला मिळावयाची ती हार्डीला मिळालेली. मृत मुलाची आई बेथ ही एलीची मैत्रीण, आणि डॅनी हा एलीच्या मुलाचा सवंगडी. गांवांत कोणावरहि विश्वास टाकूं नकोस, असें हार्डी तिला बजावतो. तिला तें माणुसकीला सोडून वाटतें. आरंभीं आम्हांसहि तसेंच वाटलें.

यापुढें रहस्य फोडल्यावांचून लिहितां येणें शक्य नाहीं. ज्यांनीं हें पर्व पाहिलें नसेल त्यांनीं येथें मासिक बाजूला ठेवावें.

सातव्या भागांत एलीपुढें सुझन राइट नांवाची एक प्रौढ स्त्री चौकशीसाठीं बसली आहे. तिच्या नवऱ्यानें पोटच्या मुलींवर अत्याचार केलेले. आपल्याला कांहीं ठाऊक नव्हतें, असें सुझन म्हणते. एली तिला विचारते, एका घरांत राहून तुला कळलें कसें नाहीं? त्या स्वरांत पोलिसाची जरब कमी आणि सुखी गृहिणीचा तिटकारा अधिक आहे. पुढच्याच भागांत खुनी सांपडतो, आणि तो एलीचा नवरा जो असतो : ती नोकरीवर जाई तेव्हां घरीं तान्हें मूल सांभाळणारा, सर्वांना हवासा वाटणारा गृहस्थ. हार्डी तिला हें सांगतो त्या प्रसंगींचें कोलमन बाईंचें काम अजोड आहे. ती आधीं मानीतच नाहीं; मग शब्द सुचण्यापूर्वीं तिचें शरीरच कोसळतें. आणि अखेर बेथ तिला समुद्रकांठीं तोच प्रश्न विचारते, जवळजवळ त्याच शब्दांत. एलीपाशीं उत्तर नाहीं. सुझनपाशींहि नव्हतें, तेव्हां मात्र तें आपणां प्रेक्षकांना खोटें वाटलें होतें.

चित्रण बरेंच पुढें जाईपर्यंत खुनी कोण हें बहुतेक नटांना सांगितलेलें नव्हतें. त्याचा लाभ झाला असावा. मिलर कुटुंबाच्या घरगुती प्रसंगांत कोठेंहि पुढच्या अनर्थाची छाया पडलेली दिसत नाहीं. परंतु याच युक्तीनें एक हानिहि झाली आहे. जो हा माणूस आपल्यापुढें उभाच राहत नाहीं. डॅनीशीं त्याच्या चोरट्या भेटी, मुलगा त्या तोडूं पाहतो तेव्हां त्याचा गळा दाबणें, हें सारें शेवटीं घाईनें उरकलें आहे. बायकोला कळलें नाहीं हें पटतें. पण आपण आठ आठवडे त्याच घरांत डोकावत होतों, आणि लेखकानें आपल्याला त्या माणसाकडे पाहूंच दिलें नाहीं. ही लबाडी क्षम्य असेल, पण लबाडीच आहे. मृतांचे संदेश ऐकूं येतात म्हणणारा तारायंत्री तर कशासाठीं आणला हें आम्हांस अखेरपर्यंत उमगलें नाहीं.

या उणिवांची भरपाई जॅक मार्शल करतो. डेव्हिड ब्रॅडली यांनीं रंगविलेला हा म्हातारा वर्तमानपत्रांचा दुकानदार. त्याची एक जुनी शिक्षा पत्रें उकरून काढतात, गांव त्याच्यावर उलटतें, आणि तो निरपराधी मनुष्य जीव देतो. ज्या पत्रांनीं त्याचा घात केला तीं त्यानेंच आपल्या दुकानांत मांडावीं, हा प्रसंग लेखकानें कोठेंहि बोट दाखवून सांगितलेला नाहीं, हें त्याच्या संयमाचें लक्षण. कोलमन व ब्रॅडली या दोघांसहि २०१४ सालीं ‘बाफ्टा’ पारितोषिकें मिळालीं. ब्रॅडली यांच्या वांट्यास आलेले प्रसंग इतके थोडे असतां तीं मिळालीं, हें विशेष.

दुसरें पर्व २०१५ सालीं आलें. त्यांत जो गुन्हा नाकबूल करतो आणि वकिलांचीं भाषणें सुरू होतात. तें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं पाहावें. आम्हीं मात्र सातव्या भागांतील तो चौकशीचा प्रसंग पुन्हा एकदां लावला, आणि या वेळीं सुझनकडे न पाहतां एलीकडे पाहिलें.