शंकेचं काय करायचं? गोऱ्हे, रमाबाई आणि लक्ष्मीबाई



मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे एकाच प्रश्नाची वेगवेगळी रूपं होती. ख्रिस्ती माणसाच्या मनात शंका आली तर तिच्यावर मात कशी करायची? विश्वास बळकट कसा करायचा? या प्रश्नाला उत्तरं देणारी पुस्तकं पुष्कळ आहेत, आणि मोबाइलवर तर उत्तरांचा पाऊस आहे. त्या बहुतेकांची रीत एकच. शंका म्हणजे आक्षेप, आक्षेपाला उत्तर असतं, उत्तर पाठ करा, शंका गेली. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे युक्तिवादाला कमी लेखण्याचं कारण नाही. पण ही रीत कितपत चालते, याची परीक्षा घेतली पाहिजे. त्या परीक्षेसाठी लांब जायला नको. आपल्या मराठी ख्रिस्ती लेखनातच तीन साक्षीदार बसलेले आहेत.

आधी शब्दाकडे बघू. न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत प्रमाण आणि प्रमेय झाल्यावर लगेच तिसरा येतो तो संशय. संध्याकाळच्या अंधुक उजेडात समोर काहीतरी उभं दिसतं. तो खांब आहे की माणूस, हे ठरत नाही. हा संशय. नैयायिक त्याला पाप म्हणत नाही. ज्याबद्दल संशयच नाही त्याचा शोध कोण घेईल, असं तो विचारतो. उलट गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाचा नाश सांगितला आहे, आणि याकोबाच्या पत्रात शंका घेणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेची उपमा आहे. म्हणजे शंकेबद्दलची भीती आपल्याला दोन्ही घरांतून मिळालेली आहे.

पण शुभवर्तमानं लक्ष देऊन वाचली तर वेगळंही काही दिसतं. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवा. आजारी मुलाला घेऊन आलेला. तो एका दमात सांगतो की विश्वास आहे, आणि त्याच दमात अविश्वासासाठी मदत मागतो. त्याला परत पाठवलं जात नाही, मुलगा बरा होतो. थोमाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. कमी लक्षात राहते ती मत्तयाच्या अगदी शेवटची ओळ. उठलेल्या येशूला शिष्य डोंगरावर भेटतात, नमन करतात, आणि काहींना शंका वाटते. पुढच्याच वाक्यांत जगभर जाण्याची आज्ञा येते. शंका असलेल्यांना बाजूला काढून ती दिलेली नाही. ती सगळ्यांना आहे.

आता पहिला साक्षीदार. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, जन्म 1825, बनारसमध्ये स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले. शास्त्र शिकलेले, वादात तयार. मिशनरींना निरुत्तर करावं म्हणून ते ख्रिस्ती धर्माकडे वळले. जॉन म्यूरने संस्कृतात हिंदू धर्मावर टीका लिहिली होती, तिला शास्त्रीबोवांनी विशीच्या आतबाहेर असताना संस्कृतातच उत्तर दिलं. मग विल्यम स्मिथ या मिशनरीशी चर्चा सुरू झाली आणि खंडन करायला गेलेला माणूस 1848 साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाला. 1860 साली त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ आला. सहाही दर्शनांना तर्काच्या कसोटीवर घासून काढणारा. दोन वर्षांनी तो इंग्रजीतही गेला.

हा ग्रंथ आजही वाचण्यासारखा आहे, कारण लिहिणारा परका नाही. वेदान्ताची अडचण कुठे आहे हे त्याला आतून ठाऊक आहे. पण टीकाकार म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. ज्या तराजूत गोऱ्ह्यांनी सहा दर्शनं तोलली, तो तराजू नंतर घरातच राहिला. सातव्यांदा त्यात स्वतःचा नवा धर्म घालावासा वाटणं हे ओघानेच आलं. आणि तसंच झालेलं दिसतं. शंकांनी त्यांची पाठ बाप्तिस्म्यानंतरही सोडली नाही. हे त्यांच्या चरित्रकाराने लिहिलं आहे आणि आजचे अभ्यासकही सांगतात. ते एका पंथातून दुसऱ्याकडे गेले, अँग्लिकन धर्मगुरू झाले, मठवासी संघात उमेदवार म्हणून राहिले, पण कायमच्या व्रतापर्यंत गेले नाहीत. 1895 साली मुंबईत त्यांचं निधन झालं. सत्तेचाळीस वर्षं ख्रिस्ती म्हणून जगले, शंकेसकट जगले.

युक्तिवादाने शंका कायमची जात असती, तर ती पहिल्यांदा गोऱ्ह्यांची गेली असती. त्यांच्याइतका तयारीचा तर्कपटू एकोणिसाव्या शतकातल्या ख्रिस्ती हिंदुस्थानात शोधूनच काढावा लागेल.

पण याच माणसाने दुसऱ्या एका व्यक्तीच्या शंका सोडवल्या. ती आपली दुसरी साक्षीदार, पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडमध्ये असताना त्या ब्राह्मो विचार आणि ख्रिस्ती विचार यांच्या मध्ये उभ्या होत्या. गोऱ्ह्यांनी हिंदुस्थानातून त्यांना सविस्तर उत्तरं लिहिली. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला प्रमाण काय, हा त्या लेखनाचा प्रश्न. रमाबाईंनी या उपकाराची पुढे जाहीर कबुली दिली आहे. स्वतः अखेरपर्यंत संशयात असलेल्या माणसाच्या हातून दुसऱ्याला वाट दिसली! तर्कशास्त्रात हे बसवता येत नाही, पण मानवी व्यवहारात रोज घडतं. दिवा धरणाऱ्याच्या पायाखाली अंधार असतो, तरी मागून येणाऱ्याला रस्ता दिसतो.

त्याच वर्षी वाँटेजमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. मग सगळं मिटलं का? दोनच वर्षांत सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून खडाजंगी वाद चालू होता. त्रैक्याचं सूत्र, अथनेशियसचा मतांगीकार, चर्चची सत्ता. यांतलं जे बुद्धीला पटत नाही ते केवळ मोठ्यांनी सांगितलं म्हणून आम्ही मानणार नाही, असा त्यांचा बाणा होता. ही पत्रं 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. ती वाचावीत अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

आणि ती 1907 सालच्या त्यांच्या 'साक्षी'शेजारी ठेवून वाचावीत. साक्षीत रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. फार प्रामाणिक कबुली आहे ही. पण ही साक्ष 1905 सालच्या मुक्ती मिशनमधल्या संजीवनानंतर लिहिलेली आहे, हे विसरू नये. त्या उंचीवरून मागे पाहताना ती आठ वर्षं रिकामी दिसतात. पत्रांमध्ये तीच वर्षं भरलेली आहेत. तिथे एक बाई प्रश्न विचारते, भांडते, माघार घेत नाही, आणि तरी चर्च सोडून जात नाही. याच आठ वर्षांत, 1889 साली, तिने मुंबईत शारदा सदन काढलं.

साक्ष या वाङ्मयप्रकाराची ही मोठी मर्यादा आहे. साक्षीला अंधार आणि उजेड असे दोनच रंग लागतात. बाबा पदमनजींच्या 1888 सालच्या आत्मचरित्राचं नावच 'अरुणोदय' आहे, आणि पुस्तकाचा सगळा ओढा बाप्तिस्म्याच्या पहाटेकडे आहे. पुस्तक मोलाचं आहे, मराठीतल्या पहिल्या आत्मचरित्रांपैकी एक. पण सूर्य उगवल्यावर दुपार होते, ढग येतात, हे सांगणं त्या प्रकारात बसत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये रविवारी ज्या साक्षी दिल्या जातात, त्यांचा साचा अजून तोच आहे. आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता शंका नाही. ऐकणाऱ्या पोराला वाटतं, मला तर अजून आहे, म्हणजे मीच खोटा. शंकेने जेवढी माणसं दूर गेली नसतील, तेवढी या साच्याने गेली असतील असं आमचं मत आहे.

तिसरी साक्षीदार हा साचा मोडते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1895 मध्ये झाला. लक्ष्मीबाईंचा झाला तो त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. मधल्या काळात ताटातूट आहे, रडणं आहे, नातेवाइकांची बोलणी आहेत. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं चालूच होतं, स्वयंपाक वेगळा होता. नवरा रेव्हरंड, बायको सोवळ्यात. आज आपल्या एखाद्या पाळकाच्या घरी असं असतं तर किती जणांनी नावं ठेवली असती?

लक्ष्मीबाईंना वादात कुणी हरवलं नाही. एके दिवशी त्यांनी स्वतःच स्वतःला विचारलं की जात देवाने केली की माणसांनी. उत्तर आलं, माणसांनी. मग कुणाच्याही हातचं पाणी प्यायला हरकत नाही, हे त्यांनी ठरवलं आणि पाळलं. इथे तर्क आहे, नाही असं नाही. पण तो पाण्याच्या भांड्यापर्यंत जाऊन पोचणारा तर्क आहे. पटलं म्हणजे हात पुढे करायचा. शिवाय पुस्तकाची रचना बघा. बाप्तिस्मा शेवटी येत नाही, मध्येच येतो आणि गोष्ट पुढे चालू राहते. प्लेग येतो, पोरकी मुलं घरात येतात, पैशांची ओढाताण होते, टिळकांचा तापट स्वभाव तसाच राहतो, आणि बाई या सगळ्याकडे बघून हसतात, स्वतःलाही हसतात. विश्वास इथे संसारासारखा आहे. रोज मांडायचा, रोज आवरायचा.

आता या तिघांकडून काय घ्यायचं? आम्हाला वाटतं, पहिली गोष्ट म्हणजे शंका ओळखायला शिकणं. सगळ्या शंकांना एकच औषध देऊ नये.

काही शंका माहितीच्या असतात. चार शुभवर्तमानांत तपशील वेगळे का, उत्पत्तीतले सहा दिवस आणि विज्ञान यांचं काय. इथे अभ्यासच करायला हवा. "प्रार्थना कर, जाईल" हे उत्तर आळशीपणाचं आहे. रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. 1922 साली त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी ते काम संपलं होतं. विश्वास ठेवणाऱ्याने किती कष्ट घ्यावेत याचा तो नमुना आहे.

काही शंका दुःखातून आलेल्या असतात. मूल गेलं, नोकरी गेली, प्रार्थनेला उत्तर आलं नाही. अशा माणसापुढे देवाच्या अस्तित्वाची प्रमाणं मांडणं म्हणजे भुकेल्याला पाककृती वाचून दाखवणं. त्याच्याजवळ बसावं. त्याला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवावं. ते स्तोत्र तक्रारीने भरलेलं आहे आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलासा जोडलेला नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत वाचलं जातं. देवाशी भांडणं हीसुद्धा प्रार्थना आहे, हे मराठी माणसाला तुकोबांनी शिकवलेलंच आहे. टिळक म्हणत असत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावर हे भांडणही होतं.

आणि तिसरी शंका मंडळीबद्दलची. देवासमोर सगळे सारखे, मग लग्न ठरवताना जात का विचारता? गरीब कुटुंबाला मागच्या बाकावर का बसवता? तरुण पोरं हे विचारतात तेव्हा त्यांना विश्वासात कच्चे ठरवलं जातं. आमच्या मते ती शंका देवाबद्दलची नसतेच, आपल्याबद्दलची असते. तिचं उत्तर बोलून देता येत नाही, वागूनच द्यावं लागतं. लक्ष्मीबाईंनी पाणी पिऊन दिलं तसं.

इथे कुणी म्हणेल, सर, तुम्ही तर शंकेला घरात कायमची खोलीच देऊन टाकली. मग सत्याचं काय? आक्षेप योग्य आहे. शंका हेच ध्येय, असं आम्ही म्हणत नाही. खांब की माणूस हे ठरवण्यासाठीच तर नैयायिकाला संशय हवा असतो. पण ठरवायचं असेल तर जवळ जावं लागतं. लांब उभं राहून, वाद घालून ते ठरत नाही. गोऱ्हे, रमाबाई, लक्ष्मीबाई, तिघंही आपापल्या चालीने जवळ जात राहिले. रमाबाईंची शंका पुष्कळशी निवली, लक्ष्मीबाईंची हसण्यात विरघळली, गोऱ्ह्यांची राहिली. तिघांपैकी कुणाचा विश्वास कमी होता, हे ठरवायला आम्ही तयार नाही.

आपल्या नवी मुंबईत नगर-जालन्याहून, वसईहून, गोव्या-केरळहून आलेली ख्रिस्ती कुटुंबं एका इमारतीत राहतात. मागे गावातली मंडळी नाही, आजी नाही, ओळखीचा पाळक नाही. इथल्या मुलाला शंका आली तर तो एकटा मोबाइल उघडतो. तिथे त्याला विश्वास मोडणारे भेटतात आणि विश्वासाची जाहिरात करणारेही भेटतात. सोबत बसणारं कुणी भेटत नाही. म्हणून आमची विनंती मोठ्यांना आहे. उपासनेनंतर चहाच्या वेळी एखादं पोर जवळ येऊन अडचणीचं काही विचारू लागलं, तर लगेच उत्तर देऊ नका. आधी त्याला खुर्ची द्या. आणि तुमची स्वतःची एखादी न सुटलेली शंका असेल, तर तीही त्याला सांगा.