दारातली मोजदाद

सरकारी अहवाल हे काही साहित्य नव्हे, मग त्याची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आपल्या समाजाविषयी सर्वांत अधिकाराने जर कोणी लिहीत असेल तर ते सरकार लिहिते. कवितेतली ओळ चुकली तर वाचक हळहळतो. अहवालातला रकाना चुकला तर माणूसच हिशेबातून बाद होतो. तेव्हा हेही लेखन डोळ्यांत तेल घालून वाचले पाहिजे.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा २०२१-२२ चा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये बाहेर आला. २०१०-११ पासून केंद्र सरकार हे सर्वेक्षण करते. प्रत्येक कॉलेजने विद्यार्थी, शिक्षक व निकाल यांचे आकडे प्रवर्गवार भरून पाठवायचे असतात. आमच्या कॉलेजात काही वर्षे हे काम माझ्याकडे होते. म्हणून आकडा छापून येण्यापूर्वी कसा जन्मतो, हेही मी पाहिले आहे.

अहवाल सांगतो : देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत आहेत; त्यांत अनुसूचित जातींचे ६६ लाख २३ हजार. २०१४-१५ साली ते ४६ लाख ६ हजार होते. १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी नोंदणीचे प्रमाण तेव्हा सर्व समाजाचे शेकडा २३.७ आणि आपले १८.९ होते, २०२१-२२ साली ते २८.४ आणि २५.९ झाले. अंतर जवळजवळ निम्म्यावर आले. हे नाकारण्यात शहाणपण नाही. पण हे कोणाचे दानही नव्हे. मिलिंद महाविद्यालयाच्या १९५१ च्या पायाभरणीपासून पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवणाऱ्या आईबापांचा हा घाम आहे.

माझा आक्षेप आकड्यांवर नाही, ते कुठे उभे राहून मोजले यावर आहे. हे सर्वेक्षण दारात उभे राहून मोजते. आत किती आले, ते लिहिते. किती उत्तीर्ण झाले, तेही लिहिते. मधल्या मधे कोण गळाले आणि का गळाले, याचे प्रकरण अहवालात नाही. माझ्या एका वर्गातला मुलगा शिष्यवृत्तीची वाट पाहून दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर गावी निघून गेला. मी पाठवलेल्या तक्त्यात मात्र तो होता, कारण ठरलेल्या तारखेला तो पटावर होता. दिल्लीच्या बेरजेत तो अजून शिकतो आहे.

ही एकट्याची गोष्ट नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत प्रश्न विचारला गेला तेव्हा सरकारने सांगितले की, पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम यांतून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांच्या १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले. त्यांत ३,६८० अनुसूचित जातींचे. कारण काय दिले? विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते संस्था वा अभ्यासक्रम बदलतात! ‘पर्याय’ हा शब्द किती सभ्य आहे पाहा. फी भरता न येणे हा पर्याय? वसतिगृहात एकटे पाडले जाणे हा पर्याय? कारण विचारणारा रकानाच नसला की वाटेल ते कारण देता येते.

छळाच्या तक्रारींचेही तेच. उच्च शिक्षणातील भेदभावाविरुद्धचे नियम २०१२ साली झाले. तरी किती संस्थांत समान संधी कक्ष आहेत आणि त्यांच्याकडे किती तक्रारी आल्या, हे आयोगाला विचारायला जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले. तेही रोहित वेमुला व पायल तडवी यांच्या मातांनी २०१९ साली केलेल्या याचिकेवर. लेकरे गमावलेल्या आयांनी सरकारला मोजायला लावावे, यापरती शरम कोणती?

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, जातीचा रकानाच नको. त्यांची वेदना मला कळते. शिष्यवृत्तीवाल्यांची यादी भर वऱ्हांड्यात मोठ्याने वाचली जाते तेव्हा मान खाली जाते. पण तो दोष वाचणाऱ्याचा आहे, रकान्याचा नव्हे. रकाना पुसला तर जात जात नाही, फक्त पुरावा जातो.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले : दोन लाख लोकसंख्येमागे कॉलेजात प्रगत हिंदू १०००, मुसलमान ५२, मध्यम जाती १४ आणि मागासवर्ग शून्य. शिक्षण वाढते आहे असे सांगणाऱ्या सरकारला त्यांनी विचारले ते एवढेच, की कोणाचे? आकडा तोच; सरकारच्या हातात ती फुशारकी होती, बाबासाहेबांच्या हातात तो दावा झाला.

आज आपला दावा साधा असावा. कोण, कोणत्या वर्षी, कशासाठी शिक्षण सोडून गेला. शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात हाती पडली. तक्रारी किती आल्या आणि किती निकालात निघाल्या, हे तीन रकाने तक्त्यात हवेत, आणि व्यक्तीचे नाव उघड न करता कॉलेजवार प्रसिद्ध व्हायला हवेत. सरकार देईल तेव्हा देईल. तोवर प्रत्येक विद्यार्थी संघटनेने एक वही घालावी आणि पहिल्या पानावर आपल्याच वर्गातून गेलेल्याची नोंद करावी. माझ्या वहीत त्या मुलाची नोंद झाली आहे.