खजुराच्या डब्यांचा द्वारपाल

लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील चौथा चौथरा चौथ्या विल्यम राजाच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला गेला होता. पैसा पुरला नाही आणि तो दीडशे वर्षे रिकामाच राहिला. १९९९ पासून तेथे समकालीन कलावंतांच्या कृती आळीपाळीने मांडण्यात येऊ लागल्या. २०१८ च्या मार्च महिन्यात त्या चौथऱ्यावर एक पंखधारी बैल उभा राहिला. मुख दाढीधारी मानवाचे, धड बैलाचे, पंख गरुडाचे. दुरून पाहणाऱ्यास तो रंगीत फरशांनी मढवल्यासारखा भासे. जवळ गेल्यावर कळे, की त्याची कातडी खजुराच्या पाकाच्या १०,५०० रिकाम्या पत्र्याच्या डब्यांची आहे. मायकेल राकोविट्झ या अमेरिकन कलावंताची ही कृती मी छायाचित्रांतूनच पाहिली आहे. तरीही ती मनातून जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा बैल म्हणजे ‘लमासू’. असीरियन नगरांच्या वेशीवर असे द्वारपाल उभे असत. राकोविट्झने घडविला तो निनवेच्या नेर्गल वेशीचा. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास उभारलेला हा द्वारपाल २०१५ साली इसिसच्या लोकांनी यंत्रे लावून फोडला आणि त्याचे चित्रीकरण जगाला दाखविले. निनवे म्हणजे आजच्या मोसुल शहराचाच भाग. ज्या राजाने ही वेस बांधली तो सन्हेरीब बायबलच्या वाचकाला परका नाही. हिज्कीयाच्या काळात यरुशलेमला वेढा घालणारा तोच. राकोविट्झच्या आईचे घराणे बगदादचे यहुदी. १९४० च्या दशकात त्यांना देश सोडावा लागला. ज्या राजाने यरुशलेमला धाक घातला, त्याच्याच वेशीचा राखणदार यरुशलेमच्या वारशातला एक मुलगा परक्या शहरात पुन्हा उभा करतो! योनाला निनवेची जी दया येत नव्हती, ती इथे एका कलावंताला आली आहे, असे मला वाटल्यावाचून राहिले नाही.

पण दया हा कलेचा निकष नव्हे. ही कृती टिकते ती तिच्या सामग्रीमुळे. राकोविट्झच्या आजोबांचा आयात-निर्यातीचा व्यवसाय होता. २००६ मध्ये नातवाने तो न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटून कलाप्रयोग म्हणून पुन्हा सुरू केला. त्या खटपटीत त्याला आढळले, की बगदादला काढलेला खजुराचा पाक सीरियात डब्यांत भरला जाई आणि त्यावर छाप मात्र लेबनॉनचा उमटे. आर्थिक निर्बंधांच्या काळात इराकचे नाव घेऊन काही विकता येत नसे, त्यातून निघालेली ही पळवाट. म्हणजे हा डबा स्वतःच निर्वासित आहे, खोट्या नावाने सीमा ओलांडलेला. शत्-अल्-अरबच्या काठची खजुरीची वने इराण-इराक युद्धात होरपळली, तो इतिहासही त्याच्या पोटात आहे. दगडाऐवजी पत्रा वापरणे ही क्लृप्ती राहत नाही, ती कृतीचा आशय होते.

याच चौकात दोन वर्षे आधी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, पाल्मिरा येथील कमानीची प्रतिकृती उभी केली गेली होती. मूळ कमान २०१५ च्या ऑक्टोबरात सुरुंगाने उडविली गेली. छायाचित्रांवरून संगणकाने आराखडा तयार केला, इटलीत इजिप्तचा संगमरवर यंत्राने कोरला, आणि लंडनच्या महापौरांच्या हस्ते अनावरण झाले. तीन दिवसांनी ती कमान हलली. पुढे न्यूयॉर्क, दुबई असा तिचा प्रवास झाला. तिच्यावर काळाची एक रेघ नव्हती. काही घडलेच नाही, असे ती सुचवीत होती. राकोविट्झचा बैल मात्र क्षणभरही आपण मूळ असल्याचा आव आणीत नाही. स्वतः कलावंत अशा कृतींना भुते म्हणतो. २००३ च्या एप्रिलमध्ये बगदादच्या संग्रहालयातून लुटल्या गेलेल्या वस्तू खाद्यपदार्थांच्या वेष्टनांतून आणि अरबी वर्तमानपत्रांतून घडविण्याचे त्याचे जे दीर्घ काम चालू आहे, त्याचाच हा एक भाग. वस्तूची हानी भरून निघते. ती हाताळणारी माणसे गेली, ती कशाने भरून काढणार, हा प्रश्न त्या फाटक्या कागदांतून डोकावतो.

इथे एक आक्षेप नोंदवलाच पाहिजे. ज्या देशाच्या सैन्याने २००३ मध्ये इराकवर चढाई केली, त्याच देशाच्या राजधानीत हा द्वारपाल उभा राहिला. ज्यांची ही वेस होती त्या मोसुलकरांपैकी किती जणांनी तो पाहिला असेल? कलावंताला हे टोचत असावे. आपला लमासू लंडनच्या टेट संग्रहालयाला देतो, बदल्यात ब्रिटिश म्युझियमने आपल्याकडील एक मूळ लमासू इराकला परत करावा, असा प्रस्ताव त्याने मांडला. प्रस्ताव हीच त्या कलाकृतीची खरी शेपटी आहे.

खुद्द मोसुलमध्ये काय चालले होते? युनेस्कोने २०१८ मध्ये शहराच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. संयुक्त अरब अमिरातीने अल्-नुरी मशिदीसाठी पाच कोटी डॉलरांहून अधिक निधी दिला आणि पुढच्या वर्षी अल्-ताहेरा व अल्-सा‘आ या दोन ख्रिस्तमंदिरांचाही त्या योजनेत समावेश झाला. मुस्लिम राष्ट्राच्या पैशाने कॅथलिक मंदिर उभे राहते ही लहान गोष्ट नव्हे. मशिदीचा कललेला मनोरा ढिगाऱ्यातून वेचलेल्या जुन्या विटा घालून, त्याच्या बाकासकट बांधला गेला. मशिदीच्या परिसराचा नवा आराखडा मात्र मोसुलच्या वळणाचा नाही, अशी टीका इराकी वास्तुकारांनीच केली, आणि ती मला रास्त वाटते.

अल्-सा‘आ, म्हणजे घटिकेची माता, हे डोमिनिकन संघाचे मंदिर. तिथल्या मनोऱ्यासाठी नॉर्मंडीतील विलदियू गावी तीन घंटा नव्याने ओतल्या गेल्या. त्यांना गॅब्रिएल, मायकल आणि राफाएल ही नावे दिली असून २०२३ साली त्या वाजू लागल्या. वसईकराला घंटांविषयी अधिक सांगावे लागत नाही. १७३९ मध्ये वसई पडल्यावर इथल्या घंटा विजेत्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, मेणवलीला एक, भीमाशंकरला एक. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियामाता अजून दिसते. ती घंटा वेगळ्या देवापुढे का होईना, वाजते आहे. फुटलेली वा वितळवलेली नाही. पळवून नेलेल्या वस्तूची हीही एक जपणूक असते, हे कबूल करताना मन थोडे अडखळते.

मोसुलच्या घंटांची अडचण निराळी आहे. त्या ऐकणारे कुठे आहेत? २०१४ च्या उन्हाळ्यात ख्रिस्ती घरांवर अरबी ‘नून’ अक्षर रंगवून माणसांना हाकलून दिले गेले. त्यांतली थोडीच कुटुंबे परतली आहेत. पोप फ्रान्सिस २०२१ च्या ७ मार्चला त्याच शहरात भग्न ख्रिस्तमंदिरांच्या चौकात प्रार्थनेला उभे राहिले, तेव्हा भोवतीच्या भिंतींवर छप्पर नव्हते. आता छप्पर आले आहे.

म्हणूनच मला राकोविट्झच्या बैलाशेजारी फादर नजीब मिकाएल यांचे काम ठेवावेसे वाटते. या डोमिनिकन धर्मगुरूंनी १९९० पासून पूर्वेकडील ख्रिस्ती हस्तलिखितांची छायाचित्रे घेऊन ठेवण्याचा उद्योग मांडला. धोका वाढला तसा २००७ मध्ये तो ठेवा त्यांनी मोसुलहून काराकोशला हलविला आणि २०१४ मध्ये इसिस चालून येत असताना गाड्यांत भरून एर्बिलला नेला. तिथे निर्वासित तरुणांनाच हाताशी धरून पोथ्या दुरुस्त करण्याचे, त्यांची प्रतिचित्रे घेण्याचे काम त्यांनी शिकविले. पुढे ते मोसुलचे खाल्डियन आर्चबिशप झाले. त्यांच्या पोथ्यांना ट्रफाल्गर चौकातला चौथरा मिळणार नाही. आणि लमासूची डब्यांची कातडी लंडनच्या पावसात गंजणारच होती. ते कलावंताला ठाऊक होते, तरी त्याने पत्राच निवडला.