बहिणाबाईंच्या वैधव्यगीतांतील देवविश्वास

नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठास जोडलेली आहेत, त्यास २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या, असोद्याच्या एका शेतकरी स्त्रीचे नाव आज शहादा-तळोद्याच्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर असते, ही गोष्ट आनंदाची खरीच. परंतु तिच्या आडून काव्यवाचनात एक दोष शिरू पाहतो. माणसे जिला विसरली तिला देवाने स्मरले आणि कीर्तीच्या रूपाने श्रद्धेचे फळ दिले, असा या गीतांचा अर्थ लावण्याचा मोह होतो. तो अर्थ कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे.

पहिली अडचण कालक्रमाचीच आहे. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तल्या. ‘बहिणाबाईंची गाणी’ आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली ती १९५२ मध्ये. फळ मिळाले असेल तर ते आपणां वाचकांस मिळाले. त्यांनी आपले पुस्तक पाहिलेही नाही. म्हणून या विश्वासाचे स्वरूप गीतांतच शोधले पाहिजे.

पतिनिधनानंतरच्या गीतात भोवती आयाबाया आहेत. म्हणजे बाह्यतः ही स्त्री एकटी नाही. तरीही ती त्यांची कीव नाकारते. या नकारात मानीपणा आहेच, पण तेवढाच नाही. कीव करणाऱ्याला समोर विधवा दिसते. बहिणाबाई दिसत नाही. माणसांच्या गर्दीत माणूस विसरले जाते ते असे. कुंकू पुसले तरी गोंदण उरते, बांगड्या फुटल्या तरी मनगटातली ‘करतूत’ उरते, असा हिशेब त्या मांडतात. हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांनी जपून वाचावा. हिंदीच्या सहवासाने त्याला आज दूषणाची छटा चिकटली आहे. येथे तो कर्तृत्वाचा वाचक आहे.

दुसऱ्या गीतात ज्योतिषाला दारी येण्याची मनाई आहे. तळहातावरच्या रेघोट्यांत नशीब नाही, असे त्या त्याला बजावतात. ज्याचा देवावर भरवसा आहे त्याने भविष्य ऐकण्यास नकार का द्यावा? मला वाटते, भरवसा आहे म्हणूनच. उद्याची हमी आधी मागून घेणारी श्रद्धा ही एक प्रकारची उधारी-वसुली होय. त्याच गीतात, देवाच्या घरचाही धनाचा झरा आटला, असे देवालाच ऐकवले आहे. टीकाकार या ओळींवरून लवकर पुढे जातात. वस्तुतः सारे मर्म तेथे आहे.

जनाबाईंचा विठ्ठल जात्याला हात लावतो. तुकोबा, १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घरदार उद्ध्वस्त झाल्यावरही, देवाशी भांडतात ते तो समर्थ आहे असे धरूनच. बहिणाबाईंचा देव मात्र या गीतात स्वतःच ओढगस्तीला लागलेला कुणबी वाटतो. त्याच्याकडे त्या मागतात ते इतकेच की दोन मुले सुखी राहोत. स्वतःसाठी काही नाही. लोकांनी आठवण ठेवावी हेही नाही.

तर मग हा विश्वास देवावरचा की मनगटावरचा? असा विकल्प आपण शहाणे लोक काढतो. सोंगणी-मळणीच्या जीवनात तो संभवत नाही. पेरणारा आभाळाकडे पाहतो आणि पाभरही धरतो. यांतले भक्तीचे कोणते व कष्टाचे कोणते, हे त्याला सांगता यायचे नाही. अहिराणी वा भिली बोलणाऱ्या घरांतून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना हे समजावून द्यावे लागत नाही, असा अध्यापनातला अनुभव आहे.

एक प्रश्न मात्र शिल्लक राहतो. झाड निघून गेले नि सावली तेवढी मागे उरली, ही जादू कशी झाली, असे बहिणाबाई विचारतात. आणि विचारतात ते देवाला नव्हे, धरतीमातेला. या संबोधनाचा विचार आजवरच्या समीक्षेने करावयास हवा होता तितका केलेला नाही.