चाकरमानी कॅमेरा

कोकणाला पडद्यावर सध्या सुगीचे दिवस आहेत. २०२४च्या जूनमध्ये ‘मुंज्या’ आला. त्याच वर्षी सप्टेंबरात २०१८चा ‘तुंबाड’ पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला जास्त चालला. २०२५च्या पहिल्याच तारखेला ‘मु. पो. बोंबीलवाडी’ आला, फेब्रुवारीत ‘छावा’ने आमच्या शेजारचं संगमेश्वर देशभर नेलं, आणि सप्टेंबरात ‘दशावतार’ व ‘कुर्ला टू वेंगुर्ला’ आठवड्याच्या अंतराने लागले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीसारख्या गावातल्या प्रेक्षकाने यावर खूश व्हावं, आणि मी आहेही. रत्नागिरीला जाऊन, तिकीट काढून यातलं बहुतेक सगळं पाहिलं. पण एक गोष्ट खटकत राहते. कोकणात येणारा हा कॅमेरा चाकरमान्यासारखा येतो. गणपतीला उतरतो, हिरवंगार बघून हरखतो, जुन्या घरातल्या भुताला घाबरतो, जमिनी विकल्या जातायत म्हणून हळहळतो, चार सल्ले देतो आणि परतीची गाडी पकडतो.

म्हणून कोकणावरचा सिनेमा बघताना मी एक कसोटी लावतो. या सिनेमातला माणूस आषाढातल्या एखाद्या साध्या बुधवारी काय करत असेल? सण नाही, जत्रा नाही, मयत नाही. त्या दिवशी त्याच्या खिशात किती पैसे असतील, त्याला कुठल्या कचेरीत खेटे घालायचे असतील, हे दिग्दर्शकाला ठाऊक असेल तर सिनेमा उभा राहतो. नसेल तर ड्रोनने काढलेली खाडी उरते.

सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ या कसोटीला अर्ध्यापर्यंत उत्तम उतरतो. बाबुली मेस्त्री हा दशावतारातला म्हातारा नट. नजर अधू होत चालली आहे, मुलगा माधव म्हणतो आता पुरे, आणि बाबुलीला रंग उतरवणं जमत नाही. बाबुली झालेले दिलीप प्रभावळकर हा सिनेमा आला तेव्हा ८१ वर्षांचे होते. त्यांचं कौतुक वयासाठी करायचं कारण नाही; ते करायचं ते हातांसाठी. डोळ्यांना नीट दिसत नसताना आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा रंगवणाऱ्या माणसाचे हात सवयीने चालतात. बोटांना भुवईची जागा माहीत असते. ही सवय प्रभावळकरांनी अंगात आणली आहे. दशावतारात कथानक ठरलेलं असतं, पण संवाद तिथल्या तिथे रचायचे. रंगमंचावर एखादं बाकडं असलं की तेच सिंहासन आणि तोच पर्वत. अशा कलेत मुरलेला माणूस घरीही थोडा नाटकी बोलणार, हे लेखकाने बरोबर ओळखलं आहे. बापलेकाच्या प्रसंगांत म्हणूनच खोटा सूर लागत नाही.

उत्तरार्धात मात्र सिनेमाला सुडाची घाई होते. खाण येते, माधव जातो, आणि बाबुली एकेक अवतार घेऊन शत्रूंचा हिशेब करू लागतो. कल्पना जोरदार आहे, थिएटरात टाळ्याही पडल्या. माझी हरकत खलनायकांना आहे. ते असे काळेकुट्ट रंगवलेत की त्यांच्याशी आपला काही संबंध उरत नाही. दोडामार्ग तालुक्यात कळण्याला २०२१च्या जुलैत खाणीचा बांध फुटून गाळपाणी वस्तीत शिरलं. आमच्या जिल्ह्यात २०२३च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यात आडव्या झाल्या. अशा ठिकाणी लढाई दुष्ट परक्यांशी असते तेवढीच घरातल्या घरातही असते. एक भाऊ जमीन द्यायला तयार, दुसरा नाही. सातबाऱ्यावर दोघांचीही नावं, आणि तिसरा मुंबईला. हे भांडण अवतार घेऊन मिटत नाही. ‘दशावतार’ने ते सोपं करून टाकलं. तरीही या सगळ्या यादीत पुन्हा बघावासा वाटणारा सिनेमा हाच, पूर्वार्धाच्या बळावर.

दशावतारावरच अभिजीत वारंग यांचा ‘पिकासो’ २०२१मध्ये येऊन गेला. तो थेट प्राइम व्हिडिओवर आला, त्यामुळे फार जणांना आठवत नाही. दारूच्या आहारी गेलेला दशावतारी बाप, चित्रकलेत पुढे निघालेला मुलगा आणि स्पर्धेसाठी भरायचे दीड हजार रुपये, एवढीच गोष्ट. पण ते दीड हजार कुठून आणायचे हा प्रश्न सिनेमा शेवटपर्यंत सोडत नाही. प्रसाद ओकांनी रंगवलेला बाप लाजिरवाणा होतो, चीड आणतो, आणि रंगमंचावर उभा राहिला की आपल्याला गप्प करतो. राष्ट्रीय पुरस्कारांत या सिनेमाचा विशेष उल्लेख झाला. पैशाच्या हिशेबाने बघाल तर ‘दशावतार’ मोठा. बुधवारच्या हिशेबाने ‘पिकासो’ दोन पावलं पुढे.

आता भुतं. ‘मुंज्या’ आदित्य सरपोतदारांनी हिंदीत केला आणि देशात शंभर कोटींच्या वर गल्ला जमवला. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधीच मेलेला पोरगा पिंपळावर बसतो, ही समजूत आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती देशभरच्या पोरांना आवडली याचं मला कौतुक वाटतं. पण त्या सिनेमात कोकण टिकतं ते सुहास जोशींच्या आजीमुळे. तिच्या बोलण्यात, नजरेत, दटावण्यात एक घर आहे. आजी कथेतून गेली की उरतो तो संगणकावर बनवलेला बाहुला आणि त्याची धावपळ. भीतीही तिच्याबरोबरच संपते. ‘तुंबाड’ याच्या उलट. त्याचं नाव आमच्या खेड तालुक्यातल्या गावाचं, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतून आलेलं. कथा त्या कादंबरीतली नाही. तरी त्यातला पाऊस खरा वाटतो, कारण राही बर्वे यांनी त्यासाठी कित्येक पावसाळे थांबून चित्रण केलं. शेवाळलेला दगड, कुबट वास येईल असा अंधार, सतत ओले कपडे. आमच्याकडचे चार महिने पावसाचं गाणं लावून दाखवता येत नाहीत, हे या सिनेमाला कळलं होतं.

‘छावा’बद्दल बोलायचं तर जपून बोलावं लागतं, कारण मत सिनेमाबद्दल दिलं तरी ते संभाजी महाराजांबद्दल दिलं असं धरलं जातं. विकी कौशलने जीव ओतलाय, अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलून जास्त धाक घालतो. पण संगमेश्वर? पालीहून निवळी, बावनदी करत महामार्गाने गेलं की कसबा येतं. डोंगरांनी वेढलेली खोलगट जागा, अलकनंदा-वरुणेचा संगम, कर्णेश्वराचं पुरातन देऊळ. १६८९च्या सुरुवातीला औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून इथे अचानक येऊन थडकला. कोल्हापूरच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. आज आंबा घाटातून एसटी उतरतानाही माणसं दांडा धरून बसतात; तीनशे वर्षांपूर्वी फौज घेऊन, बातमी फुटू न देता ही वाट तुडवणं हाच केवढा थरार आहे! सिनेमाने तो सोडला आणि सगळा भार फितुरीवर टाकला. पडद्यावरचं संगमेश्वर कुठल्याही डोंगरातलं असू शकतं. जागा कळली असती तर घात अधिक कळला असता.

विनोदाकडे वळलो तर ‘मु. पो. बोंबीलवाडी’ हे परेश मोकाशींचं नाटक रंगभूमीवर धमाल होतं. १९४२ साल, कोकणातलं आडगाव, नाटकवेडी मंडळी आणि त्यात येऊन पडलेला हिटलर. प्रशांत दामले हिटलर म्हणून मजा आणतात. पण नाटकात हा वेडेपणा प्रेक्षकांच्या हशावर चढत जातो. पडद्यावर गाव नेपथ्य वाटू लागतं. ‘कुर्ला टू वेंगुर्ला’चा विषय मात्र अस्सल सोनं. गावात राहणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत. पोरगा कष्टाळू आहे, बाग आहे, पण मुंबईत खोली नाही म्हणून स्थळ परत जातं, हे आमच्या प्रत्येक वाडीत चाललंय. विजय कलमकरांनी विषयाला हात घातला, हे मोठं काम. पण हसवण्याच्या नादात सिनेमा त्या मुलाच्या आईबापाच्या रात्रींपाशी फारसा थांबत नाही.

२०२५च्याच मार्चमध्ये जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ आला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, बघायला येणारे पाहुणे, पाटावर बसलेली सविता आणि तेच ते प्रश्न: नाव, उंची, शिक्षण. बाप कापसाला भाव येण्याची वाट बघतोय, कारण भावावर लग्न अवलंबून आहे. यातली बरीच माणसं त्या गावातलीच आहेत, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिलेली. कुठेही सौंदर्यदर्शन नाही, आणि तरी ते गाव डोक्यातून जात नाही. लग्न हा ‘कुर्ला टू वेंगुर्ला’ आणि ‘स्थळ’ या दोन्ही सिनेमांचा विषय. फरक एवढाच की ‘स्थळ’ला सविताचा बुधवार माहीत आहे.

यावर कोणी म्हणेल, बाहेरून येणाऱ्याने सिनेमा करूच नये का? जरूर करावा. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५मध्ये सनडान्सला जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातला आनंदही मुंबईहूनच गावी येतो, वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी. पण कॅमेरा त्याच्या घाईत नाही. तो आनंदच्या गावातल्या मित्राच्या, बाळ्याच्या शेतावर, शेळ्यांपाशी, ओसरीवरच्या बायकांच्या कुजबुजीपाशी बसून राहतो. २०१५ साली आलेला अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ आठवा. बदली होऊन कोकणात आलेली सरकारी नोकरीतली आई आणि नव्या शाळेत बुजलेला मुलगा. किल्ल्यावर पावसात मित्र त्याला टाकून निघून जातात, तेव्हा तो निसर्ग सुंदर नसतो, भयाण असतो. ‘किल्ला’ आपण उपरे आहोत हे कबूल करतो, म्हणून त्याला खोटं बोलावं लागत नाही. आणि आईची कचेरी त्यात आहे, तिथली दडपणं आहेत.

आणखी एक गाऱ्हाणं बोलीचं. ‘वस्त्रहरण’ नाटकाने मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून मालवणीला जी प्रतिष्ठा दिली, तिला तोड नाही. पण त्यानंतर पडद्यावर अख्खं कोकण मालवणी बोलू लागलं. रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा इकडची बोली वेगळी, तिचा हेल वेगळा. देवरुखचे वैभव मांगले मराठी सिनेमात हरघडी दिसतात, पण त्यांच्या गावची संगमेश्वरी ऐकू येत नाही. दशावतारही दक्षिणेकडचा, आमच्याकडे शिमग्यानंतर नमन-खेळे आणि गणपतीत जाखडी. संकासुराचा मुखवटा, गौळण, मावशी, शक्ती-तुऱ्याचे रात्रभर चालणारे सवाल-जवाब, यांवर बेतलेला धड सिनेमा माझ्या पाहण्यात नाही.

कॅमेरा असा का वागतो? याचं उत्तर तारखांत सापडतं. ‘दशावतार’ १२ सप्टेंबर २०२५ला लागला. अनंत चतुर्दशी ६ तारखेला झाली होती. चाकरमानी परत गेले होते आणि पितृपक्ष सुरू होता. म्हणजे कोकणावरचा सिनेमा लावताना गिऱ्हाईक मुंबईचं धरलं होतं, आणि व्यापार म्हणून त्यात गैर काही नाही. त्याच शुक्रवारी ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ही लागले. एका दिवशी तीन मराठी सिनेमे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पडदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग कोणाला सकाळचा खेळ, कोणाला आठवडाभराचं आयुष्य. रात्रीचा खेळ संपला की पालीकडे यायला एसटी नसते. असा प्रेक्षक निर्मात्याच्या हिशेबात कुठून येणार?

तरी विषयांचा तोटा नाही. रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत राखणीला आणि कामाला नेपाळी कुटुंबं राहतात, मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर नेपाळी खलाशी असतात. आंब्याचा आणि मासळीचा धंदा त्यांच्या हातांवर चालतो आणि पडद्यावर ते नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने वर्षानुवर्षं रखडत गावांचे बाजार उलटेपालटे केले, मोबदल्यावरून घरं फुटली. त्यावरचा सिनेमाही माझ्या पाहण्यात नाही. यातलं काहीच खर्चिक नाही. ‘स्थळ’ने दाखवून दिलं की गावातली माणसं, गावची बोली आणि नीट लिहिलेली पटकथा एवढ्यावर टोरंटोच्या चित्रपट महोत्सवापर्यंत जाता येतं. आमच्याकडे नमनात दहा-दहा वर्षं उभी राहिलेली पोरं आहेत, अभिनय त्यांना शिकवावा लागणार नाही. मुंबईहून कोणी येईल याची वाट न बघता त्यांच्यातल्याच कोणी तरी पटकथा लिहायला बसावं. तोवर कोकणावरच्या प्रत्येक सिनेमाचं तिकीट मी काढीन. मत मात्र बुधवार बघूनच देईन.